किशोरवयीन मेंदू : संशोधन कुठवर आले?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक निर्णय जाहीर केला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा त्याचा आशय होता. मुलांची झोप पुरी होत नाही, ही चिंता तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली होती. निर्णयाचे स्वागत झाले. शाळेच्या बसगाड्यांचे आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांचे वेळापत्रक कसे जुळवायचे, यावर वादही झाला. मात्र एक गोष्ट त्या चर्चेत फारशी आली नाही. झोपेचे नैसर्गिक घड्याळ पुढे सरकते ते चौथीतल्या मुलांचे नव्हे, तर आठवी ते बारावीतल्या मुलांचे. सकाळी सातच्या तासाला किंवा त्याआधीच्या शिकवणीला निघालेली ही मुले नाशिकच्या गंगापूर रोडवर कोणत्याही दिवशी दिसतात. त्यांच्याबद्दल या निर्णयात काही नव्हते.

अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि झोपेची वेळ झाल्याची वर्दी शरीराला मिळते. वयात येताना हा स्राव उशिरा सुरू होऊ लागतो. अमेरिकेतील संशोधक मेरी कार्स्केडन यांनी १९९० च्या दशकात ही बाब प्रयोगांनी दाखवून दिली. रात्री अकरापर्यंत झोप न येणे आणि सकाळी डोळे न उघडणे याचे खापर घरोघरी मोबाइलवर फुटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण मोबाइल येण्यापूर्वीही हा बदल होताच. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वेळेबाबत तसा कायदाच लागू झाला. आपल्याकडे लहानग्यांची दया आली आणि थोरल्यांचा विसर पडला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. किशोरवयीन मेंदूविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे कळले आहे, ते आपल्या धोरणापर्यंत आणि घरापर्यंत किती थोडे पोहोचले आहे, याचा हा एक नमुना आहे.

छाटणीचा काळ

मेंदूची वाढ बालपणीच संपते, असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ होता. कवटीचा आकार सहाव्या-सातव्या वर्षी जवळजवळ पूर्ण होतो, हे त्यामागचे कारण. या समजाला पहिला तडा शिकागो विद्यापीठातील पीटर हटनलॉकर यांनी दिला. मृत व्यक्तींच्या मेंदूतील ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी चेतापेशींमधील जोडण्या मोजल्या. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, मेंदूच्या पुढील भागात या जोडण्यांची दाटी एक-दोन वर्षांच्या बालकात प्रौढांपेक्षा सुमारे दीडपट असते आणि किशोरवयापर्यंत ती हळूहळू कमी होत जाते. वाढ म्हणजे भर पडणे, या सर्वसाधारण कल्पनेच्या हे नेमके उलट होते.

नाशिक जिल्ह्यातील वाचकाला ही प्रक्रिया समजावून सांगण्याची फार गरज नाही. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतरच्या आठवड्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्या काळात ऊन, पाणी, खत यांत काय कमी पडले ते पुढच्या हंगामात कळते. किशोरवयीन मेंदूचे काहीसे असेच आहे. न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या क्षीण होतात, वापरातल्या पक्क्या होतात. फरक इतकाच, की बागेत कोणती काडी ठेवायची ते बागाईतदार ठरवतो. मेंदूत ते रोजच्या वापरावर, अनुभवावर आणि काही अंशी आनुवंशिकतेवर ठरते. छाटणीबरोबर दुसरेही काम चालू असते. चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे वेष्टण चढत जाते. त्यामुळे संदेशांचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

जिवंत मुलांच्या मेंदूत हे घडताना पाहणे एमआरआय यंत्र आल्यावर शक्य झाले. या यंत्रात क्ष-किरण नसल्याने निरोगी मुलांची तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५ मुलामुलींच्या मेंदूच्या प्रतिमा काही वर्षांच्या अंतराने घेतल्या व १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. मेंदूच्या अग्रखंडातील करडा भाग मुलींमध्ये अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि नंतर घटू लागतो, असे त्यांना आढळले. याच संस्थेतील नितीन गोगटे (हे नाव मराठी वाचकांना परके वाटणार नाही) हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या टप्प्यातील शोधनिबंधाचे पहिले लेखक होते. अवघ्या १३ मुलांच्या मेंदूचे दर दोन वर्षांनी, आठ ते दहा वर्षे चित्रण करून या गटाने चौथ्या ते एकविसाव्या वर्षापर्यंतचा जणू चलत्पट तयार केला. हालचाल आणि संवेदना यांचे भाग आधी पक्व होतात. नियोजन, संयम, परिणामांचा विचार ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, हे त्यातून स्पष्ट दिसले.

दुसरीकडे, भावना आणि सुखाची ओढ यांच्याशी निगडित असलेले मेंदूतील खोलवरचे भाग वयात येतानाच्या संप्रेरकांमुळे लवकर चेतवले जातात. या दोन वेगांमधील अंतरातून किशोरवयाचे पुष्कळसे वर्तन उलगडते, अशी मांडणी अनेक संशोधक करतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तीन वयोगटांतील ३०६ जणांना त्यांनी संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ खेळायला दिला. एकटे असताना १३ ते १६ वर्षांची मुले प्रौढांपेक्षा फार निराळी वागली नाहीत. मित्र शेजारी बसवल्यावर मात्र त्यांनी पत्करलेला धोका कितीतरी वाढला. २४ वर्षांवरील गटावर मित्रांच्या उपस्थितीचा जवळजवळ परिणाम झाला नाही. म्हणजे या मुलांना धोका कळत नाही असे नाही. कळत असूनही सोबतीने त्याचे वजन बदलते. एका दुचाकीवर तिघे बसून भरधाव जाणाऱ्या मुलांना ‘अक्कल नाही’ म्हणणारा आणि त्यांतील प्रत्येकाला घरी एकटे गाठून समजावणारा, दोघेही का फसतात ते यावरून लक्षात यावे.

जे सिद्ध झालेले नाही

इथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. वरील सारे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या विशिष्ट मुलाचा मेंदू पक्व झाला आहे किंवा नाही, हे एमआरआयवरून आज कोणीही सांगू शकत नाही. ‘मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो’ हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. तशी कोणतीही ठरावीक रेषा संशोधनात सापडलेली नाही; बदलाचा वेग विशीत मंदावत जातो, एवढेच म्हणता येते. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन आरोपींच्या जबाबदारीवर जो वाद झाला, त्यात मेंदूविज्ञानाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला गेला. बालन्याय कायदा २०१५ नुसार १६ ते १८ वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करायचे असते. त्या मूल्यांकनासाठी कोणतीही प्रतिमा किंवा रक्ततपासणी पुरी पडत नाही. ते काम अखेर माणसांनाच, मुलाशी बोलून, करावे लागते.

विज्ञानाच्या नावावर बाजारही मांडला गेला. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या वर्गांनी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन करवून दाखवण्याचे दावे करत महाराष्ट्रातील अनेक शहरांत पालकांकडून मोठे शुल्क घेतले. पट्टी आणि नाक यांमधील फटीतून मुले पाहतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांनाही वैज्ञानिक आधार नाही. मेंदू हा शब्द आला की तर्क बाजूला ठेवायचा, ही सवय सुशिक्षित घरांतही आहे आणि ती महागात पडते.

आजार याच वयात का?

मानसिक आजार हे तरुणपणीच्या वाटेवर उगवणारे आजार आहेत, ही जाणीवही तुलनेने नवी आहे. हृदयविकार किंवा मधुमेह बहुधा उतारवयाकडे झुकताना गाठतो. चिंताविकार, नैराश्य, छिन्नमनस्कता, व्यसनाधीनता यांची सुरुवात मात्र बहुतेकदा शाळा-महाविद्यालयाच्या वयात होते. आयुष्यभरातील मानसिक विकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे अमेरिकेतील सर्वेक्षणाच्या आधारे २००५ मध्ये मांडण्यात आले आणि तेव्हापासून हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. २०२१ मध्ये जगभरातील १९२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून थोडे सौम्य आकडे पुढे आले : १४ व्या वर्षापर्यंत सुमारे ३५ टक्के, १८ व्या वर्षापर्यंत ४८ टक्के आणि २५ व्या वर्षापर्यंत साधारण ६२ टक्के. आकड्यांत फरक असला तरी दिशा तीच आहे. ज्या वर्षांत जोडण्यांची छाटणी जोरात असते, त्याच वर्षांत आजारांची पहिली चिन्हे उमटतात. छिन्नमनस्कतेत ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असे गृहीतक चार दशकांपासून मांडले जात आहे व त्याच्या बाजूने काही आनुवंशिक पुरावेही मिळाले आहेत. निर्णायक शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

प्रश्न असा, की हे ज्ञान कोणाच्या मुलांवर आधारलेले आहे? अमेरिकेत २०१५ नंतर सुरू झालेल्या एका अभ्यासात ९-१० वर्षांची ११ हजारांहून अधिक मुले दाखल करून घेण्यात आली आणि दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्याचे ठरले. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने ६ ते २३ वयोगटातील हजारो जणांचा असाच एक बहुकेंद्री अभ्यास उभा राहिला. म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इम्फाळ अशा ठिकाणी त्याची केंद्रे होती. महाराष्ट्रात मात्र एकही नव्हते. कुपोषण, रक्तक्षय, बालविवाह, ऊसतोडीसाठी किंवा विटभट्टीसाठी होणारे स्थलांतर, परीक्षेभोवती फिरणारे घर, या गोष्टी आपल्या मुलांच्या मेंदूभोवतीच्या ‘हवामाना’त आहेत. पाश्चात्त्य अभ्यासांतून त्यांचा हिशेब लागणार नाही.

पुणे आणि गोवा

तरीही मराठी मुलखात काहीच झाले नाही असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. उद्देश होता मधुमेह आणि हृदयविकार यांची मुळे गर्भावस्थेत शोधण्याचा. पण त्या स्त्रियांपोटी जन्मलेली सातशेच्या आसपास मुले संशोधकांच्या नजरेसमोर वाढत राहिली आणि अभ्यासाचा परीघ मेंदूपर्यंत पोहोचला. यांतील बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. प्रामुख्याने शाकाहारी आणि दूधही बेताचे, अशा आहारात ती अपेक्षितच होती. ज्या मातांमध्ये हे जीवनसत्त्व सर्वांत कमी होते, त्यांची नऊ वर्षांची मुले लक्ष टिकवून ठेवण्याच्या आणि आकडे उलट क्रमाने म्हणण्याच्या चाचण्यांत मागे पडली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदले आहे.

केवळ संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. म्हणून पुढचे पाऊल टाकले गेले. याच मुलांपैकी ५५७ जण साधारण अठरा वर्षांचे असताना, २०१२ मध्ये, त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागून काहींना रोज ब-१२ची अल्प मात्रा, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. पहिले अपत्य होईपर्यंत हा क्रम चालला. या मुलींच्या अपत्यांची दोन वर्षांच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा ब-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांची आकलन व भाषेची वाढ सरस आढळली. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येत नाही. पण एका पिढीच्या किशोरवयातील ताटाचा संबंध पुढच्या पिढीच्या मेंदूशी जोडून पाहणारा हा प्रयोग जगात दुर्मीळ आहे आणि तो आपल्या गावांत झाला, याची नोंद आपल्याकडे फारच थोड्यांना आहे.

गोव्यात १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘संगत’ या संस्थेने वेगळी वाट धरली. तिथल्या संशोधकांनी १२ ते १६ वयोगटातील २,०४८ मुलांची पाहणी करून २००८ मध्ये अहवाल मांडला. निदान करण्याजोगे मानसिक विकार अवघ्या १.८१ टक्के मुलांत आढळले. इतरत्र दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा हे फारच कमी होते. कुटुंब हाच मुख्य आधार असलेल्या मुलांत प्रमाण आणखी कमी होते. अभ्यासातील अडचणी, परिसरातील असुरक्षितता, मारहाण वा अपमान, तंबाखूचे सेवन आणि मुलींच्या बाबतीत घरातील भेदभाव यांच्याशी विकारांचा संबंध दिसला. याचा अर्थ एकत्र कुटुंबात सारे आलबेल असते, असा काढण्याचा मोह टाळायला हवा : मारहाण आणि भेदभाव हेही बहुधा घरातच घडतात.

याच संस्थेने पुढे उपचारांच्या बाजूने काम केले. मानसोपचारतज्ज्ञ अपुरे असतील तर काम थांबवायचे का? दिल्लीतील सहा सरकारी शाळांमध्ये २५० विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच बैठका घेतल्या. अडचण नेमकी कोणती, तिच्यावर पर्याय कोणते, त्यातला एक करून पाहू, अशी साधी रीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता केवळ पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. मानसिक लक्षणांवरील परिणाम सुरुवातीला नगण्य होता. संशोधकांनी ते लपवले नाही, हे विशेष.

नाशिकचे चित्र

महाराष्ट्रातील किती किशोरवयीनांना मानसिक विकार आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के हे प्रमाण आढळले. पण त्या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे मोजले जातात ते मृत्यू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले, त्यातील १,८३४ महाराष्ट्रातील होते. २०२२ मध्ये हे आकडे अनुक्रमे १३,०४४ आणि १,७६४ होते. दोन्ही वर्षी राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. राज्याची लोकसंख्या मोठी आहे आणि नोंदणीची शिस्त राज्यागणिक वेगळी आहे, हे लक्षात घेऊनही हा क्रमांक अस्वस्थ करणारा आहे. पोलिसांच्या तक्त्यात कारणासाठी एकच रकाना असतो. एका निकालापाशी पोहोचण्याआधीची दोन-तीन वर्षे, न झोपलेल्या रात्री, न सांगितलेले भय यांना त्यात जागा नाही.

नाशिकला या प्रश्नात खास स्थान असायला हवे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे. राज्यभरातील वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक आणि परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. त्याच्या अखत्यारीत सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा येतात. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरील मुले सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात येतात आणि छाटणीची सारी वर्षे तिथेच काढतात. गोव्यातील पाहणीने कुटुंबाच्या आधाराचे जे महत्त्व दाखवले, ते या मुलांच्या बाबतीत कोणत्या रूपात लागू पडते? अधीक्षक, स्वयंपाकी मावशी, वरच्या वर्गातील भाऊ-बहिणी यांतून तो आधार उभा राहतो का? एका शहरात आरोग्य विद्यापीठ आणि आदिवासी विकासाचे प्रमुख कार्यालय अशी दोन दारे असताना या मुलांचा पुण्यासारखा दीर्घकालीन पाठपुरावा अशक्य नाही. त्याला वीस वर्षांची चिकाटी लागेल. पुण्यातील त्या सहा गावांनीही तितकी दिलीच.

सेवांचे चित्र विरळ आहे. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली. नाशिक विभागाच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी मानसिक आरोग्य हा स्वतंत्र विषय धरण्यात आला आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. तिथे समुपदेशन मोफत मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे अपेक्षित आहे. आपल्या मुलाच्या शाळेत किंवा शिकवणीत तो आहे का, हे पालकसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

झोप, भूक किंवा मित्रांमधले मिसळणे यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ ठळक बदल दिसला, आवडीच्या गोष्टींवरील मन उडाले किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा तोंडी आली, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून वाट पाहू नये. तसे काही विचार मनात येतात का, हे मुलाला सरळ विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही.